आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात व्यवहार ज्या क्रमाने होत त्याच क्रमाने ते कीर्दीत लिहिले जात. पुढे सवडीने दिवाणजी त्याच नोंदी खातेवार लावून खतावणी तयार करीत. गिऱ्हाईक समोर उभे असताना खतावणी काढून बसणारा दिवाणजी मालकाला परवडला नसता. आणि खतावणी मुळीच न लिहिणारा तर त्याहूनही नाही. लहान यंत्रावर नोंदी ठेवताना नेमका हाच पेच पडतो.

महाविद्यालयीन प्रयोगांत वापरला जाणारा ‘आर्डुइनो उनो’ हा फलक घेऊ. त्याची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. त्याला तापमान मोजणारा सेन्सर व मेमरी कार्ड जोडून दर सेकंदाला १६ बाइटांची एक नोंद करावयाची आहे असे समजू. दिवसाच्या नोंदी ८६,४०० आणि वर्षाच्या ३,१५,३६,००० होतील.

कार्डावर सुटे बाइट लिहिता येत नाहीत; ५१२ बाइटांचा ठोकळा एकदम लिहावा लागतो. प्रत्येक नोंद तत्काळ लिहावयाची म्हटली तर १६ बाइटांसाठी ५१२ बाइट लिहिणे आले. त्यात बॅटरी खर्च होते, आणि फ्लॅश स्मृती ठरावीक वेळाच पुसता येत असल्यामुळे कार्डही झिजते. शिवाय प्रत्येक नोंदीसरशी तापमानवार सूचीही लावू लागलो, तर निराळ्या जागी दुसरे लिखाण वाढते.

म्हणून ३२ नोंदी स्मृतीत साठवाव्यात आणि ठोकळा भरला की एकदम लिहावा. लिखाण ३२ पटींनी कमी होते. मात्र मध्येच वीज गेली तर जवळजवळ अर्ध्या मिनिटाच्या नोंदी बुडतात. हवामानाच्या नोंदीत हे चालून जाईल. पण यंत्र का बंद पडले हे शोधावयाचे असेल, तर नेमक्या त्या शेवटच्या नोंदीच हव्या असतात! अशा वेळी नेहमीच्या नोंदी साठवाव्यात, धोक्याची नोंद मात्र लगेच लिहावी.

आता शोधाकडे वळू. नोंदी वेळेच्या क्रमाने व सारख्या लांबीच्या असल्यास वेळेसाठी वेगळी सूची लागतच नाही. मधली नोंद पाहावी, नको असलेला अर्धा भाग सोडावा, उरलेल्याचे पुन्हा तसेच करावे. वर्षभराच्या सुमारे ३ कोटी १५ लाख नोंदींतही फार तर २५ वेळा पाहून हवी ती वेळ सापडते.

‘तापमान ४० अंशांवर कधी गेले?’ ह्या प्रश्नाला मात्र हा क्रम उपयोगी पडत नाही. त्यासाठी दर तासाचे कमाल व किमान तापमान एका ओळीत वेगळे लिहून ठेवावे. ३,६०० नोंदींमागे एकच जादा ओळ, म्हणजे वर्षाला ८,७६० ओळी. ज्या तासाचे कमाल तापमान ४० च्या वर गेलेले नाही, तो तास न वाचताच सोडता येतो. ही आपली आटोपशीर खतावणी होय.

मोठ्या संगणकांनाही हा मार्ग परका नाही. १९९६ साली पॅट्रिक ओनील व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘लॉग-स्ट्रक्चर्ड मर्ज ट्री’ ह्या रचनेत नव्या नोंदी प्रथम स्मृतीत जमवितात, क्रमाने लावून गठ्ठ्यांनी लिहितात, व गठ्ठे मागाहून एकत्र करतात.

तेव्हा यंत्र जोडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत: किती सेकंदांच्या नोंदी बुडालेल्या चालतील? आणि ह्या नोंदींना पुढे कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत? पहिल्या उत्तरावरून साठा किती ठेवावा ते कळते, दुसऱ्यावरून खतावणी केवढी असावी ते.