रजिस्टर मिटल्यावर

रजिस्टर तपासायला दहा मिनिटं पुरतात. किती घरभेटी झाल्या, कुणाच्या गोळ्या संपल्या, कोण डॉक्टरकडे गेलंच नाही, एवढं पाहून ते मिटायचं. साथींची खरी बैठक त्यानंतर सुरू होते.

मनानं खचलेल्यांना धीर देणारे हे साथी डॉक्टर नव्हेत. काही जण स्वतः नैराश्यातून उठलेले, काही दारूतून सुटलेले. सोसलेला माणूस दुसऱ्याचं नीट ऐकतो खरा. पण ऐकता ऐकता त्याचंच दुखणं वर येतं.

म्हणून बैठकीत आम्ही एक छोटं नाटक करतो. एक जण रुग्ण होतो, एक साथी. बाकीचे कागदावर खुणा करतात. मध्येच तोडलं का? उपदेश केला का? पुढचं एखादं छोटं काम दोघांनी मिळून ठरवलं का? ब्रह्मपुरीकडच्या एका बैठकीत 'रुग्ण' म्हणाली, नवऱ्याला वाघानं नेलं, आता मोहफुलं वेचायला जायचं भेव वाटते. समोरची ताबडतोब म्हणाली, ''देवावर भरवसा ठेव.'' सगळ्यांची खूण एकाच रकान्यात! ती हसली, मग म्हणाली, ''ते गप्प बसली का मलेच धडधडते, म्हणून बोलून टाकतो.'' तेव्हा मी रुग्णाचा विषय सोडला आणि तिला विचारलं, रात्री झोप लागते का?

गुण आधी लिहायचे, मग बोलायचं, हा आमचा नियम. नाहीतर सगळे सुपरवायझरच्या तोंडाकडे बघून गुण देतात. गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या समुपदेशकांनी एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून असे गुण दिले. 2014 च्या अभ्यासात ते तज्ज्ञांच्या गुणांशी बरेच जुळले. आमच्याकडे रेकॉर्डिंग म्हटलं की घरचे कचरतात, म्हणून हे नाटक. तेही जमेल तिथे गोंडीत, कारण रडू मराठीत येत नाही.

गावातल्या कार्यकर्त्यांच्या कामावरची अशी देखरेख गडचिरोलीला नवी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळं वाचवून दाखवली. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या प्रयोगात डॉक्टर दर पंधरवड्याला गावात जाऊन कामाची खातरजमा करत आणि आरोग्यदूतांना तिथल्या तिथे शिकवत. पण बाळाचं वजन पुन्हा करून बघता येतं. दाराआड झालेलं बोलणं कसं तपासणार?

त्यात साथी गावातलाच. केस म्हणजे चुलत दीर, नाहीतर शेजारीण. विहिरीवर, लग्नात रोज समोर. 'ड्युटी संपली' असं साथीला म्हणताच येत नाही. म्हणून सोयऱ्याची केस शेजारच्या गावच्या साथीकडे द्यायची, असं आम्ही ठरवलं. जीव द्यायची भाषा कुणी केली, तर बैठकीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी कळवायचं. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांना पाठ आहे, पण रेंज पाहिजे ना! रेंज नसेल तिथे दुचाकी असलेला माणूस आधीच हेरून ठेवावा लागतो.

केसची अदलाबदल ब्रह्मपुरीकडे जमते. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा शेजारचं गाव म्हणजे नदीपलीकडचं गाव. तिथे सोयऱ्याची केस सोयऱ्याकडेच राहते. म्हणून तिथे पुराआधी, जूनमध्ये, आम्ही एक जादा बैठक घेतो आणि सप्टेंबरपर्यंत त्यावरच निभावतो.