एक दशांश सेकंद कोणाच्या नावावर?

२६ ऑक्टोबर १९७७. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर ‘एंटरप्राइझ’ हे स्पेस शटल काँक्रीटच्या धावपट्टीवर उतरत होतं. वैमानिक फ्रेड हेझ यांनी दांडी हलवली की यान किंचित उशिरा वळायचं, आणि तोवर हात पुढची दुरुस्ती करून बसलेला असायचा. यान डोलू लागलं, चाकं टेकून पुन्हा उसळलं. शेवटी सुखरूप थांबलं. आज्ञा आणि हालचाल यांच्यामध्ये संगणक होता, आणि तिथला विलंब हे या डोलण्याचं एक मोठं कारण ठरलं. पुढच्याच वर्षी नासाने एफ-८ या विमानाच्या संगणकात मुद्दाम विलंब घालून असंच डोलणं तपासलं.

विमान हवेत अखंड हलत असतं. संगणक मात्र ठरावीक ठोक्याला एकदाच बघतो, आकडेमोड करतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तीच आज्ञा धरून ठेवतो. विमान आणि संगणक यांच्या अशा जोडव्यवस्थेचे गुणांक, म्हणजे कोणत्या आज्ञेला ती किती प्रतिसाद देते हे सांगणारे आकडे, शोधायचे म्हणजे दांडीला ठरलेला झटका द्यायचा, विमानाचा प्रतिसाद नोंदवायचा आणि गणितातलं विमान त्या नोंदीशी जुळेपर्यंत त्याचे आकडे बदलत राहायचं. माझ्या मते इथे एक पथ्य मोडता कामा नये: गणितातही विमान अखंड राहावं आणि संगणक ठोक्याठोक्यानेच चालावा. ठोका वगळला, तरी त्याचा उशीर नोंदीतून जात नाही. गणित तो हवेच्या नावावर टाकतं, आणि पंखाचं किंवा शेपटीचं बळ चुकीचं निघतं. आलेख छान जुळतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

‘संगणक इतका वेगवान असताना ठोका मोजायचा कशाला?’ असं कोणी म्हणेल. ठोका ४० मिलिसेकंदांचा असेल, तर नुसती आज्ञा धरून ठेवण्यातच सरासरी २० मिलिसेकंद जातात. आकडेमोड आणि संकेतातला गोंगाट काढणाऱ्या गाळण्या यांचा वेळ वेगळा. सगळं मिळून १०० मिलिसेकंद झाले, तर सेकंदाला एकदा होणाऱ्या डोलण्यात प्रतिसाद ३६ अंश मागे पडतो. सावकाश हालचालीत हे जाणवणार नाही, हे मान्य. पण धावपट्टीजवळ हालचाली सावकाश नसतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळ्याच व्यवस्थेचं ठोक्यांच्या भाषेत रूपांतर केलं, तर गणित सोपं होतं. खरंच होतं, आणि फक्त नियंत्रक बसवायचा असेल तर तेवढं पुरतं. पण मग निघणारे आकडे ठोका बदलला की बदलतात, आणि वातबोगद्यात मोजलेल्या आकड्यांशी त्यांची थेट तुलना करता येत नाही. शिवाय संगणकाची आज्ञावली आपणच लिहिलेली असते. तिचे गुणांक आधीच ठाऊक असतात. शोधायचं उरतं फक्त विमान. विलंबाची खात्री नसेल तर त्यालाही एक अज्ञात मानून सोडवता येतं, मात्र त्यासाठी झटका पुरेसा तीव्र हवा आणि दांडीची नोंद व विमानाची नोंद एकाच घड्याळावर झालेली हवी.