कचेरींतील अबोल कलह

उघड भांडण फारसें घातक नसतें. तेथें कोणाचें काय दुखतें, हें निदान चारचौघांस कळतें. परंतु जेथें सभेंत सर्वजण माना डोलावितात आणि सभा उठल्यावर जिन्याखालीं दोघे दोघे कुजबुजत उभे राहतात, तेथें राखेखालीं निखारा आहे असें समजावें. असे कलह दुष्ट माणसांतच होतात, ही समजूत मात्र खरी नव्हे.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. चिपळूणकर, टिळक आदि मंडळींनीं १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढच्याच वर्षीं आगरकर येऊन मिळाले. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ त फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. बाहेरून पाहणारास सर्व कसें भरभराटीचें दिसे! आंत मात्र पगारवाढ व बाहेरची मिळकत यांवरून वाद धुमसत होते. सामाजिक सुधारणेविषयींचा मतभेद तर होताच. त्यामुळें १८८७ त आगरकरांनीं 'केसरी' सोडला.

आमच्या मतें रुपये-आण्यांचा वाद हें वरचें पाणी होय. खरा प्रश्न होता, आजन्म सेवकानें त्याग करावयाचा तो किती? निर्वाहापुरतें घेऊन सर्व वेळ संस्थेसच द्यावा, असें टिळकांचें म्हणणें. नेमलेलें काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा, असा दुसरा पक्ष. 'त्याग' हा शब्द दोघांच्याही तोंडीं. अर्थ मात्र भिन्न! १८९० त गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें, त्यावरून ठिणगी पडली आणि वर्षअखेर टिळक संस्थेबाहेर पडले. राजीनाम्याची कारणें त्यांनीं सविस्तर लिहून दिलीं. तीं दहा वर्षें आधीं कागदावर येतीं, तर कदाचित् निराळें घडतें.

असा कलह ओळखावा कसा? शिक्षकांच्या खोलींत जन्म काढलेल्या आम्हांस कांहीं लक्षणें परिचयाचीं आहेत. शेजारीं बसणारे चिठ्ठ्या लिहून बोलूं लागतात. हिरिरीनें मत देणारा जुना सहकारी एकाएकीं "आपण म्हणाल तसें" म्हणूं लागतो. खुर्ची, पंखा, रजेचा अर्ज असल्या क्षुल्लक बाबीवरून आकाशपाताळ एक होतें. कारणापेक्षां राग मोठा दिसला, कीं खरें कारण दुसरें आहे असें जाणावें.

पंचतंत्रांतील 'मित्रभेद' पहा. पिंगलक सिंह व संजीवक बैल यांचें वैर मुळीं नव्हतेंच. दमनक कोल्ह्यानें प्रत्येकास दुसऱ्याविषयीं भय घातलें. मग सावध झालेल्या त्या दोघांस एकमेकांचा पवित्राच वैराचा पुरावा वाटला. "हें खरें काय?" एवढें कोणीही विचारलें नाहीं, आणि बैल प्राणास मुकला.

म्हणून तिसऱ्याच्या तोंडचा निरोप प्रमाण मानूं नये. वरिष्ठानें प्रथम दोघांस वेगवेगळें ऐकावें, मग समोरासमोर बसवावें. बोलणें स्वभावावर नव्हे, कामावर असावें. "तुम्ही आळशी आहां" म्हटल्यानें आग भडकते. "मंगळवारचा कागद शुक्रवारीं मिळाला" म्हटल्यास उत्तर देतां येतें. ठरेल तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. जेथें गाऱ्हाणें खुद्द वरिष्ठाविषयींच असेल, तेथें कनिष्ठ पोटासाठीं मुका राहतो. अशा वेळीं आधीं बोलण्याचें आणि ऐकून घेतल्यावर डूख न धरण्याचें कर्तव्य वरिष्ठाचेंच.

कचेरींतला हा विस्तव पुष्कळदां घरच्या पानावर येऊन पडतो. आमटींत मीठ कमी म्हणून कर्ता पुरुष किंवा नोकरी करणारी सून ताट सारून उठली, तर घरच्यांनीं मिठाची चर्चा वाढवूं नये. जेवणें उरकल्यावर, मुलें निजलीं म्हणजे, "आज कचेरींत काय झालें?" एवढेंच विचारावें आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.