चहलकदमीपासून डोंगरापर्यंत

ज्या घरात कुणालाच शुगर नाही आणि कुणाचेच गुडघे दुखत नाहीत, असे घर आज मोहल्ल्यात शोधावे लागते. पूर्वी साठीनंतर येणारी दुखणी आता चाळिशीतच दार ठोठावू लागली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक शरीराला आवश्यक तेवढी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के.

हे वाचून घरातील अम्मी, खाला, भाभी म्हणतील, "आम्ही तर पहाटेपासून रात्रीपर्यंत उभ्याच असतो." ते खरेच आहे. पण ओट्यासमोर उभे राहणे आणि चालणे यात फरक आहे. घरकामाने अंग थकते, मात्र श्वास वाढेल, हृदयाचे ठोके काही काळ सलग वेगाने पडतील, असे त्यात फारसे घडत नाही. त्यामुळे थकवा वाट्याला येतो आणि व्यायामाचा फायदा मात्र मिळत नाही. पुरुषांचीही स्थिती वेगळी नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बारा तास बसणारा माणूस मशिदीतही मोटारसायकलवर जातो.

यावर एक साधा, जवळजवळ फुकट आणि सगळ्या घराने मिळून करता येईल असा उपाय आहे. रोज थोडे चालायचे आणि आठवड्यातून एकदा जवळचा डोंगर चढायचा.

डोंगरच का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण रोज सरासरी ६० मिनिटे आहे. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता येते, पण गाता येत नाही. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालताना आपण बहुधा त्या पातळीपर्यंत पोहोचत नाही. चढावर मात्र पाचव्या मिनिटाला श्वास आपोआप वाढतो.

साताऱ्याचे उदाहरण घ्या. अजिंक्यतारा किल्ला शहराला अगदी लागून आहे. पायथ्यापासून तो सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि दरवाजापर्यंत रस्ता जातो. रोज पहाटे कितीतरी सातारकर तो पायी चढतात. त्यात निवृत्त शिक्षक असतात, गृहिणी असतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेही असतात. सामान्य प्रकृतीच्या माणसाला वर जायला तासभर लागतो, उतरायला त्याहून कमी. म्हणजे एका सकाळीच आठवड्याच्या किमान गरजेचा मोठा भाग पूर्ण होतो. साताऱ्याला अजिंक्यतारा, पुण्याला पर्वती आणि वेताळ टेकडी, कोल्हापूरकरांना पन्हाळा, औरंगाबादकरांना दौलताबाद. आपल्या राज्यात डोंगर नसलेला जिल्हा विरळा. जिथे नाही, तिथे नदीचा बांध किंवा गावाबाहेरची टेकडीही चालेल.

शरीराला काय मिळते?

चढताना मांड्या, पोटऱ्या आणि नितंब यांचे मोठे स्नायू कामाला लागतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला एरवीइतक्या इन्सुलिनची गरज लागत नाही. चालून झाल्यावरही काही तास स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. मधुमेह असलेल्यांना आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना म्हणूनच चालण्याचा सल्ला दिला जातो. नियमित चढाईने हृदय कमी ठोक्यांत अधिक रक्त ढकलायला शिकते आणि रक्तदाबही आटोक्यात राहायला मदत होते.

उतरणे हाही व्यायामच आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार धरून ठेवतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळी दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. हे दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. त्याला घाबरून चालणे सोडू नये. असा भार पेलल्याने स्नायू मजबूत होतात, हाडांना बळकटी येते आणि तोल सुधारतो. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडणे किती घरांना महागात पडते हे आपण पाहतोच. तोल सांभाळण्याची सवय पायांना आधीपासून असेल, तर तो धोका कमी होतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरल्याने ड जीवनसत्त्व भरपूर मिळते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी लागणारे किरण पहाटे फार कमी असतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. फक्त चालण्यावर विसंबून राहू नये.

मनाला काय मिळते?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी ९० मिनिटे निसर्गात चालवले आणि काहींना तितकाच वेळ वाहनांनी गजबजलेल्या रस्त्याकडेने. निसर्गात चाललेल्यांच्या मनात तेच तेच कडू विचार घोळण्याचे प्रमाण कमी झाले. मेंदूच्या ज्या भागाचा अशा विचारांशी संबंध आहे, तिथली हालचालही मंदावली. रस्त्याकडेने चाललेल्यांत हा बदल दिसला नाही. प्रयोग लहान होता, सहभागी चाळीसच्या आत होते. तरी डोंगरावर जाणाऱ्या कुणालाही त्यात आपला अनुभव दिसेल. घरातला वाद, दुकानाची उधारी, मुलीच्या लग्नाची काळजी डोंगरावरून उतरल्यावर संपलेली नसते. पण तिचे ओझे थोडे हलके वाटते आणि तिच्याकडे शांतपणे बघता येते.

मुलांना आणखी एक लाभ आहे. दिवसाच्या उजेडात घराबाहेर घालवलेला वेळ मुलांना चष्म्याचा नंबर लागण्याचा, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचा, धोका कमी करतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. शिवाय डोंगरावर इतिहास पुस्तकातून बाहेर येतो. अजिंक्यतारा १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने घेतला तेव्हा त्याला शहजादा आजमच्या नावावरून आजमतारा म्हटले गेले, हे तटावर उभे राहून सांगितले की मुले विसरत नाहीत. दौलताबादला तर चौदाव्या शतकात इब्न बतूता येऊन गेला होता. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वडील आणि मुलगा शेजारी शेजारी चालताना जे बोलतात, ते समोरासमोर बसून बोलत नाहीत.

आपल्या परंपरेत चालणे

आपल्याकडे काहींना वाटते की डोंगर चढणे हा शहरी लोकांचा शौक आहे. आपली भाषाच याला उत्तर देते. उर्दूत जेवणानंतरच्या फेरफटक्याला 'चहलकदमी' म्हणतात. 'चहल' म्हणजे चाळीस, 'कदम' म्हणजे पाऊल. फिरण्याला 'सैर' म्हणतात. हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्याच धातूचे क्रियापद कुरआनात माणसाला पृथ्वीवर फिरून पाहायला आणि बोध घ्यायला सांगताना वापरले आहे. हकीम इब्न सीना यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात आरोग्य राखण्याचा विचार करताना व्यायाम, आहार आणि झोप यांना मूळ मानले आणि सुरुवात व्यायामापासून केली.

पहिली वह्य कुठे उतरली, हेही आठवू या. मक्केजवळच्या जबल-ए-नूर डोंगरावरच्या हिरा गुहेत. प्रेषित मुहम्मद (स.) तेथे एकांतात इबादत करत, शिधा संपला की घरी येत आणि पुन्हा शिधा घेऊन डोंगर चढत. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधली धाव तर एका आईची आहे. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधणाऱ्या हजरत हाजरांची ती आठवण हज आणि उमरा करणारा प्रत्येक जण जपतो. प्रेषित (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत, हेही हदीसमध्ये नोंदलेले आहे. मग आपल्या घरातील स्त्रियांनी मोकळ्या हवेत चालायला संकोच का करावा? शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि ती स्त्रीलाही तेवढीच सोपवलेली आहे.

अडचण बहुतेक वेळा धर्माची नसते, ती सवयीची आणि 'लोक काय म्हणतील' याची असते. ती घरातल्या पुरुषांनी दूर करायची आहे. त्या दिवशीचा नाश्ता आदल्या रात्री करून ठेवावा किंवा अब्बांनी येताना आणावा. नाहीतर अम्मीची सुट्टी पुन्हा चुलीपाशीच जाते. शेजारच्या दोन-तीन घरांतील स्त्रिया बरोबर निघाल्या की संकोचही जातो आणि सोबतही होते. पोशाख पडद्याचा असावा, पण सैल, सुती आणि घोट्यापर्यंतच. बुरख्याचा घेर पायात आला तर उतारावर पडण्याची भीती असते. ओढणी नीट पिन करावी. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे रोज असर किंवा मगरिबनंतर २० ते ३० मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. तिसऱ्या आठवड्यात जवळची लहान टेकडी अर्ध्यापर्यंत चढावी. दम लागला की थांबावे, परत फिरण्यात कमीपणा मानू नये. दोन महिन्यांत बहुतेक जण वरपर्यंत पोहोचतात.

नमाजच्या वेळा हेच उत्तम वेळापत्रक आहे. फज्र अदा करून निघावे. सूर्य उगवून पंधरा-वीस मिनिटे झाली की वर इशराक पढता येते. वुजू घरूनच करून निघावे आणि जानमाज पिशवीत ठेवावी. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. गावाजवळच्या डोंगरावर जाणे शरीअतच्या अर्थाने सफर ठरत नाही, म्हणून नमाज पूर्णच पढावी. रमजानमध्ये चढाई थांबवून हलकी चहलकदमी पुरेशी आहे.

काही काळज्या मात्र घ्याव्यात:

• हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गुडघ्यांचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

• इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर किंवा खजूर ठेवावा. हात थरथरले, घाम फुटला, डोके हलके झाले तर लगेच खावे आणि बसावे.

• छातीत दाब आला, दम थांबेना किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून मदत घ्यावी.

• उतरताना लहान पावले टाकावीत आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. हातात काठी असेल तर गुडघ्यांवरचा भार कमी होतो.

• प्रत्येकाजवळ किमान अर्धा लीटर पाणी हवे.

• पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या, ओढे, धबधबे आणि कड्यांच्या कडा टाळाव्यात. विजा चमकत असतील तर वर जाऊच नये.

• नेलेला कागद, पिशवी, बाटली परत आणावी. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे आपल्याकडे सदका मानले गेले आहे. वाटेवर कचरा टाकणे त्याच्या उलट आहे.

हजसाठीही पाय हवेत

हजसाठी आपण वर्षानुवर्षे पै-पै साठवतो. पण पैसे पूर्ण होईपर्यंत पाय शिल्लक राहतात का, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. काबागृहाभोवती सात फेऱ्या, सफा-मरवामध्ये सात फेऱ्या, ज्यांचेच अंतर तीन किलोमीटरच्या आसपास होते, आणि त्यानंतर मिना, अरफात, मुजदलिफा येथील गर्दीतले चालणे. अनेक जण ही इबादत चाकाच्या खुर्चीवर बसून करतात. नाइलाज असेल तर शरीअतने ती सवलत दिलीच आहे. पण जे पाय आज थोड्या मेहनतीने वाचवता येतात, ते वाचवायला हवेत. हजचा इरादा असलेल्या प्रत्येक घराने पैशांच्या बचतीबरोबर चालण्याचीही तयारी आजपासूनच करावी.

येत्या रविवारी फज्रनंतर पुन्हा पांघरूण ओढू नका. अम्मींना, मुलांना उठवा, पाण्याच्या बाटल्या भरा आणि गावाजवळच्या टेकडीकडे निघा. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत आलात तरी चालेल. पुढच्या रविवारी थोडे आणखी वर जाल, इन्शाअल्लाह.