टँकर खाली होताना

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या पंपावर टँकर लागला, तो मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून आलेला. आता पाइप जोडतील असं मला वाटलं. पण आधी इंजिन बंद झालं, बॅटरीचा मास्टर स्विच उतरला, चाकांखाली ठोकळे गेले. मग पंपावरच्या मुलाने अर्थिंगची क्लिप टँकरला लावली. मॅनेजरने ती काढायला लावली, कारण ती रंगावर बसली होती. उघड्या धातूवर घट्ट चावली तेव्हाच त्यांचं समाधान झालं. त्यानंतरही झाकण उघडलं नाही. "थांबायचं. आतला माल शांत होऊ दे."

पेट्रोल हिंदकळलं, पाइपातून वाहिलं की स्थिर वीज साठते. टायर रबराचे, त्यामुळे तिला जमिनीत उतरायला वाट हवी. पेट्रोलच्या वाफेला पेटायला मिलिज्यूलचा पाव हिस्सा ऊर्जा पुरते. नाशिकच्या कोरड्या थंडीत दाराच्या कडीला हात लागताच बसणारा चटका याहून मोठा असू शकतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून न जाता जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात, चरात साचते. म्हणून तर केबलचे चर वाळूने भरलेले असतात.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट होती डिस्पेन्सरच्या आतली फ्लेमप्रूफ पेटी. तिच्यात वाफ शिरतच नाही, असा माझा समज होता. वायरमनने तो खोडून काढला. वाफ शिरते, ठिणगीने आत भडकाही उडू शकतो. पेटीचं जाड कवच तो दाब सोसतं, आणि झाकणाच्या सांध्यातल्या बारीक फटीतून बाहेर येणारी आग धातूला लागून थंड होते. म्हणूनच झाकणाचा एक बोल्ट जरी नसला, सांध्यावर ओरखडा पडला किंवा पावसाचं पाणी शिरू नये म्हणून कुणी मनाने रबर कोंबलं, तरी ती पेटी साध्या डब्याच्या लायकीची उरते. बाहेरून मात्र तशीच दिसते. मला यातलं हेच सर्वांत भयंकर वाटतं.

कुंपणाकडेला अर्थिंगचे खड्डे आहेत. इथे खाली मुरूम आणि काळा खडक. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून नियमाने पाणी घालतात, रोध मोजतात आणि आकडा तारखेसह पाटीवर रंगवतात. पंपांना परवाना देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे. पण रोजची राखण तिथून होत नाही, ती याच माणसांच्या हातून होते.

२०२७ च्या सिंहस्थात नाशिकच्या पंपांवर रांगा लागतील. त्याआधी प्रत्येक पंपमालकाने फ्लेमप्रूफ पेट्यांचे बोल्ट स्वतः मोजून घ्यावेत. आणि कॅनमध्ये पेट्रोल घ्यायची वेळ आलीच, तर तुम्हीही तो गाडीवर किंवा डिकीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवायला लावा.