'कोल्ड एअर इन्टेक' लावला की भरलेला पिकअप करूळ घाट खरंच जोरात चढतो का?

एप्रिल-मे महिन्यात तळेऱ्याच्या फाट्यावर थोडा वेळ थांबलं, तरी हापूसच्या पेट्या भरलेले पिकअप वैभववाडीच्या रस्त्याला वळताना दिसतात. पुढे करूळ घाट, वर गगनबावडा, मग कोल्हापूर. चढाला भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर आली की ड्रायव्हरला वाटतंच, इंजिनात अजून थोडा दम हवा होता.

मग मोबाईलवर बघितलेलं रील आठवतं. कंपनीचा काळा फिल्टर बॉक्स काढला, जागी चकचकीत पाइप आणि शंकूसारखा फिल्टर बसवला, आणि गाडी म्हणे पळायला लागली. या पार्टचं नाव कोल्ड एअर इन्टेक.

यामागचं गणित खोटं नाही. गरम हवा विरळ असते. 30 अंशांच्या हवेच्या तुलनेत 60 अंशांच्या हवेत, तेवढ्याच जागेत, साधारण 9 टक्के कमी ऑक्सिजन मावतो. म्हणजे बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची गार हवा घेतली, तर फायदा व्हायला हवा.

पण हे टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला जास्त लागू पडतं. आपले पिकअप बहुतेक टर्बो डिझेल. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती चढाला शंभर अंशांच्याही पुढे तापते, आणि इंटरकूलर तिला परत गार करतो. सुरुवातीला वाचवलेले पाच-दहा अंश या प्रवासात बरेचसे विरून जातात. शिवाय डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं जातं यावर. ते प्रमाण कंपनीने आधीच ठरवलेलं असतं, नुसती हवा वाढवून ते फारसं वाढत नाही.

त्यात बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीचा पाइप हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलजवळून बाहेरचीच हवा घेतो. उघडा शंकू फिल्टर मात्र इंजिनाच्या शेजारी बसतो. नाव कोल्ड, हवा गरम!

मग आवाज का वाढतो? कंपनीचा बॉक्स हवेचा आवाजही दाबतो. तो काढला की टर्बोची शिट्टी केबिनमध्ये ऐकू येते, आणि कानाला ती ताकद वाटते.

म्हणून टेस्ट कानाने करायची नसते. डायनोवर गाडी लावली, तरी बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा, असं असेल तर आकडा रस्त्यावरचा नसतो. एकाच गाडीच्या दोन रनमध्येही एक-दोन टक्के फरक पडतो. 75 हॉर्सपॉवरच्या पिकअपमध्ये हा फरकच जवळपास दीड हॉर्सपॉवर होतो. तेव्हा बॉनेट बंद ठेवून आधी तीन रन, पार्ट बदलल्यावर तीन रन, एवढं तरी हवं. डायनो नसेल तर ओबीडी स्कॅनर लावून त्याच चढावर, तेवढाच माल भरून, तशाच उन्हात हवेचं तापमान शेजारच्या माणसाने टिपावं. घाटात स्टॉपवॉच लावून शर्यत करू नये.

एक टेस्ट मात्र फुकटात होते. हजारभर किलोमीटरनंतर फिल्टरच्या पुढचा पाइप उघडायचा आणि आतून पांढरं फडकं फिरवायचं. जांभ्याची लाल धूळ फडक्याला लागली, तर तीच टर्बो आणि सिलिंडरमध्येही जातेय. जास्त हवा सोडणारा फिल्टर काही वेळा जास्त धूळही सोडतो.

आणि कोकणातला पाऊस? हवेचं तोंड खाली बंपरजवळ आणलं असेल, तर मोरीवरच्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन खोलण्याशिवाय पर्याय उरत नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातही अशा इन्टेकला प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक असल्याशिवाय तो रस्त्यावरच्या गाडीला लावता येत नाही.

चढाला दम कमी पडतोय आणि मागे काळा धूर येतोय, तर आधी जुना पेपर फिल्टर काढून उजेडात धरावा. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज हाताने चाचपावा. क्लिप ढिली असेल किंवा होजला चीर असेल, तर दाबलेली हवा तिथूनच फुस्स होत असते.