इंधन हवेचं, खत जमिनीचं



शेण चुलीत घालायचं की शेतात, हा प्रश्न घरोघरी पडतो. खरं तर दोन्ही साधता येतं. कसं ते पाहू.

पीक पानांवाटे हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि उन्हाच्या जोरावर पाण्याशी त्याची सांगड घालून साखर व काष्ठ बनवते. हाच जळणारा भाग. नत्र, स्फुरद, पालाश मात्र मुळे जमिनीतून घेतात. जनावर कडबा आणि उसाचे वाढे खाते. त्याच्या शेणात हे दोन्ही उतरते.

गोवरी जाळली की नत्र उडून जाते. स्फुरद आणि पालाश तेवढे राखेत उरतात.

गोबरगॅसचे तसे नाही. बंद टाकीत, हवा नसताना, जिवाणू शेण कुजवतात. निघालेल्या गॅसमध्ये 55 ते 60 टक्के मिथेन असतो, तोच जळतो. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. जमिनीचा माल रबडीत शाबूत राहतो.

हिशेब सोपा आहे. 25 किलो ताज्या शेणापासून सुमारे 1 घनमीटर गॅस मिळतो. चार-पाच जनावरांचे 50 किलो शेण आणि तितकेच पाणी रोज घातले, तर 2 घनमीटरचा संच चालतो. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. थंडीत गॅस कमी पडतो, हे धरून चाला.

रबडी उन्हात पसरून वाळवू नका, नत्र उडते. पाटाच्या पाण्याबरोबर पिकाला द्या, नाहीतर खड्ड्यात पाचटाबरोबर कुजवा.

उसालाही हाच नियम लागू. मळी आंबवली की तिच्यातल्या साखरेचे वजनाने साधारण निम्मे अल्कोहोल होते, निम्मा कार्बन डायऑक्साइड. हा वायू पकडून त्याला हायड्रोजन जोडला, तर मिथेनॉल हे आणखी एक इंधन बनते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची चाचणी 2001 साली आपल्या राज्यात मिरज आणि मनमाडला झाली होती. या इंधनांत पालाशाचा कणही नसतो. तो कारखान्याच्या सांडपाण्यात उरतो. प्रक्रिया करून तो शेताकडे परत यायला हवा.

तेव्हा हवेतून आलेलं खुशाल जाळा. जमिनीतून आलेलं जमिनीला परत द्या. संच बांधण्यापूर्वी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना जरूर भेटा.